रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल?

नवरात्र सरलं की मालवणच्या बाजारात दिवाळीचं सामान दिसायला लागतं. आकाशकंदील, पणत्या, रांगोळ्या आणि अर्थातच टिकल्यांची पिस्तुलं! ही पिस्तुलं दोन तऱ्हांची असतात. एकात कागदी टिकल्यांचा लांबलचक रोल घालायचा. दुसऱ्यात लाल प्लॅस्टिकची, छोट्या बांगडीसारखी चकती बसवायची. तिला गोलाकार आठ वाट्या आणि प्रत्येक वाटीत एक बार. चाप ओढला की चकती एक घर पुढे फिरते.

धामापूरला आमच्या वर्गात यावरून एकानं थेट विचारलं, "बाई, ह्यातला खरा पिस्तूल खंयचा? आनी पोलिसांकडे असता ता काय?"

प्रश्न बारीक आहे, पण उत्तर चांगलं लांबलचक आहे! त्यात एक खलाशी पोरगा आहे, नाशिकचा एक खटला आहे, कोल्हापूरची एक सुवर्णकन्या आहे आणि आपल्या सगळ्यांच्या कामाची एक वजाबाकीही आहे. तर मग चला.

सुकाणूचं चाक

सन १८३०. 'कॉर्व्हो' नावाचं एक जहाज अमेरिकेहून आपल्या कलकत्त्याकडे निघालं होतं. त्यावर सॅम्युएल कोल्ट नावाचा सोळा वर्षांचा एक पोरगा खलाशाचं काम शिकत होता. त्या काळच्या बहुतेक बंदुका आणि पिस्तुलं ठासणीची असत. दारू भरा, गोळी घाला, गजानं ठासा आणि मग बार काढा. बार निघाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

कोल्टनं पुढे असं सांगितलं, की जहाजावरचं सुकाणूचं चाक पाहता पाहता त्याला एक कल्पना सुचली. चाक कसंही फिरवा, त्याची एक ना एक आरी ठरलेल्या जागी येतेच. मग बंदुकीच्या नळीमागे असंच एक फिरतं चाक बसवलं तर? त्या चाकात पाच-सहा बार आधीच भरून ठेवायचे आणि एकेक बार नळीसमोर आणायचा! त्यानं जहाजावरच लाकूड कोरून नमुना तयार केला. १८३६ साली त्याला अमेरिकेत या कल्पनेचं पेटंट मिळालं. इंग्रजीत 'रिव्हॉल्व्ह' म्हणजे गोल फिरणं. म्हणून हे झालं रिव्हॉल्व्हर.

आता त्याच्या पोटात काय चालतं ते पाहू. मधल्या जाड, फिरत्या भागाला सिलिंडर म्हणतात. त्याला बहुधा सहा घरं असतात आणि प्रत्येक घरात एक काडतूस. मागच्या बाजूला एक छोटा हातोडा असतो, तो घोडा. बोटानं ओढायचा तो चाप. चाप ओढला की सिलिंडर एक घर फिरतो, घोडा मागे जातो आणि मग सुटून काडतुसाच्या बुडावर आपटतो. आतली दारू पेटते आणि गोळी निघते.

गंमत म्हणजे या सगळ्या कामाला लागणारी ताकद तुमच्या बोटातूनच येते. म्हणून रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. साधारण पाच किलो वजन एका बोटानं ओढावं इतका जड! अंगठ्यानं आधीच घोडा मागे ओढून ठेवला, तर मात्र चाप एकदम हलका होतो. पण मग प्रत्येक गोळीला अंगठ्याचं काम वाढतं.

आणि हो, सिनेमात हीरोच्या हाती सहा घरांचं रिव्हॉल्व्हर असेल, तर पुढच्या वेळी गोळ्या मोजून पाहा. पुष्कळ हीरो न थांबता दहा-बारा गोळ्या झाडतात. तो चमत्कार कोल्टलाही जमला नव्हता!

होडी मागे का सरकते?

आमच्या धामापूरच्या तलावात होडीतून काठावर उडी मारली, की तुम्ही पुढे जाता आणि होडी मागे सरकते. न्यूटननं सांगितलेला क्रिया-प्रतिक्रियेचा नियम तो हाच. बंदुकीतही तेच घडतं. दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच जोरानं काडतुसाच्या पुंगळीला मागे ढकलतो. रिव्हॉल्व्हरमध्ये हा मागचा धक्का नुसता हाताला बसतो आणि वाया जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही कारागिरांच्या मनात आलं, की हा धक्का फुकट का घालवायचा? त्यालाच कामाला लावू! त्यातलं फार मोठं नाव म्हणजे अमेरिकेचा जॉन ब्राउनिंग. तो बंदुका दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा होता. त्याच्या बनावटीची पिस्तुलं बेल्जियममधल्या एका कारखान्यात तयार होऊ लागली आणि जगभर पोचली.

या पिस्तुलाच्या वरच्या बाजूला उलट्या पन्हळीसारखा एक सरकता भाग असतो. त्याला स्लाइड म्हणतात. गोळी सुटली की धक्क्यानं स्लाइड मागे जाते. जाता जाता रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि घोडा मागे ओढून ठेवते. मग स्प्रिंगच्या जोरानं ती पुढे येते आणि येता येता नवं काडतूस नळीच्या मागच्या खणात ढकलते. हे सारं डोळ्याची पापणी लवण्याआधी! तुम्ही फक्त पुन्हा चाप ओढायचा. एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची भरायचं काम यंत्र आपोआप करतं. म्हणून हे 'सेमी-ऑटोमॅटिक', म्हणजे अर्धं आपोआप चालणारं.

काडतुसं असतात मुठीतल्या एका चपट्या डबीत, एकावर एक. या डबीला म्हणतात मॅगझिन. हसू नका! तुमच्या हातातल्या साप्ताहिकालाही मॅगझिनच म्हणतात. दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दावरून आले. त्याचा अर्थ कोठार. एक काडतुसांचं कोठार, तर दुसरं गोष्टींचं.

आता टिकल्यांची पिस्तुलं आठवा. फिरत्या चकतीचं ते रिव्हॉल्व्हरचं भावंड, हे तर उघड आहे. रोलवालं थोडंफार पिस्तुलासारखं, कारण त्यातही बार एका रांगेत येतात. पण खेळण्यात रोल पुढे सरकवायचं काम तुमचं बोट करतं, धक्का नाही.

पेटीच्या तळात वीस पिस्तुलं

ही निवड आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही येऊन गेली आहे.

रिव्हॉल्व्हरचं पोट सिलिंडरमुळे फुगीर असतं. ब्राउनिंगचं पिस्तूल मात्र चपटं. अगदी वहीसारखं चपटं नाही, तरी लपवायला खूपच सोपं. १९०९ साली विनायक दामोदर सावरकर लंडनमध्ये होते. त्यांनी अशी वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. तिथल्या 'इंडिया हाउस'मध्ये स्वयंपाकाचं काम करणाऱ्या चतुर्भुज अमीन यांनी ती पेटीच्या दुहेरी तळात दडवून मुंबईला आणली.

त्यातलंच एक पिस्तूल नाशिकला पोचलं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जॅक्सन मरण पावला. कान्हेरे आपल्या कोकणातल्या खेड तालुक्यातले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांनाही फाशी झाली. ही पिस्तुलं पुरवल्याचा आरोप पुढे सावरकरांवर आला आणि अंदमानच्या शिक्षेपर्यंत गेला.

इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग आपण दोन ओळींत वाचतो. पण त्या दोन ओळींमागे एका यंत्राची घडणही होती. दुहेरी तळाच्या अरुंद जागेत फुगीर पोटाची वीस रिव्हॉल्व्हरं मावणं कठीणच!

चार सेकंदांत पाच

आता मैदानावर येऊ. हत्यार माणसावर नव्हे, कागदावर रोखायचं असेल, तर दोन्हींतलं काय निवडायचं?

१८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं. त्यात २५ मीटरवरच्या लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत जॉन आणि समनर पेन हे दोघे अमेरिकन भाऊ पहिले आणि दुसरे आले. दोघांच्या हाती काय होतं? कोल्टची रिव्हॉल्व्हरं!

पुढे स्पर्धांचं घड्याळ वेगानं पळू लागलं. आज पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर स्पर्धेत नेमबाजासमोर पाच लक्ष्यं ओळीनं असतात. प्रत्येकावर एक गोळी मारायची. आधी त्यासाठी मिळतात ८ सेकंद, मग ६ आणि शेवटी फक्त ४! आता विचार करा. दर गोळीला पाच किलोचा चाप ओढायचा, किंवा अंगठ्यानं घोडा मागे घ्यायचा. चार सेकंदांत पाच वेळा! हात हलणार आणि नेम चुकणार. म्हणून इथे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूलच वापरतात. मॅगझिनमध्ये पाच छोटी काडतुसं, ५.६ मिलिमीटर व्यासाची.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य फक्त ३ सेकंद दिसतं आणि मग ७ सेकंद लपतं. हात खाली तिरका धरून उभं राहायचं, लक्ष्य दिसताच उचलायचा आणि एक गोळी मारायची. पुन्हा हात खाली. या पिस्तुलाचं वजन १,४०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आणि चापाला किमान १,००० ग्रॅम ओढ हवी, असाही नियम आहे. का बरं? चाप फार हलका असला, तर नको तेव्हा गोळी सुटायची!

याच स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं नाव काढलं. २०१३ साली कोरियातल्या चांगवॉनच्या विश्वचषकात तिनं सुवर्ण जिंकलं. पिस्तूल नेमबाजीत विश्वचषकाचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. मग २२ ऑगस्ट २०१८ ला इंडोनेशियातल्या पालेंबांगला आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी झाली. राही आणि थायलंडची खेळाडू, दोघींचे ३४-३४ गुण! बरोबरी सोडवायला जादा फेरी झाली, तीही बरोबरीत. दुसऱ्या जादा फेरीत राही जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

पण पिस्तूल चांगलं म्हणून नेम लागतो, असं समजू नका हं! हंगेरीचा कारोली टाकाच उजव्या हातानं नेम मारायचा. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा तो हात निकामी झाला. गड्यानं गुपचूप डाव्या हातानं सराव सुरू केला. १९४८ ला लंडनमध्ये आणि १९५२ ला हेलसिंकीमध्ये त्यानं रॅपिड फायरचं ऑलिम्पिक सुवर्ण पटकावलं. डाव्या हातानं!

मग रिव्हॉल्व्हर मोडीत काढायचं?

छे, छे! त्याचेही गुण आहेत.

समजा एखादं काडतूस फुसकं निघालं. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की सिलिंडर फिरतो आणि पुढचं घर समोर येतं. फुसकं काडतूस आपोआप बाजूला होतं. पिस्तुलात मात्र ते खणातच अडकून बसतं. बारच झाला नाही, मग मागचा धक्का कुठून येणार? स्लाइड हातानं ओढून ते बाहेर काढावं लागतं. रिव्हॉल्व्हरमध्ये अडकणारे भाग कमी आणि काम समजायला सोपं.

पण सहा गोळ्या संपल्या की घरं पुन्हा भरायला वेळ लागतो. पिस्तुलात रिकामं मॅगझिन काढलं, भरलेलं खोचलं, की झालं. शिवाय गोळ्याही जास्त मावतात. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनणाऱ्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसं बसतात. म्हणून पोलीस अधिकाऱ्यांच्या कमरेला पूर्वी रिव्हॉल्व्हर असायचं, तिथे आता बऱ्याचदा पिस्तूल दिसतं.

हा बदलही सगळीकडे विचार करूनच झाला. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ पासून ९ मिलिमीटरची पिस्तुलं घ्यायला सुरुवात केली. पण हात जड चापाच्या रिव्हॉल्व्हरला सरावलेले. हलक्या चापामुळे चुकून गोळी सुटू नये, म्हणून त्यांच्यासाठी नव्या पिस्तुलाचे चाप मुद्दाम जड करून घेतले. म्हणजे पाहा, निवडलं पिस्तूल, पण रिव्हॉल्व्हरचा एक गुण मागून घेतला!

आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली महिलांना डोळ्यांसमोर ठेवून 'निर्भीक' नावाचं हत्यार काढलं. वजन सुमारे अर्धा किलो. ते पिस्तूल नव्हे बरं का, सहा घरांचं रिव्हॉल्व्हरच!

तेव्हा 'बरं कोणतं?' या प्रश्नाला 'कुठल्या कामाला?' हा उलटा प्रश्न विचारावा लागतो. कोयता बरा की विळी बरी, असं आईला विचाराल तर तीही हेच म्हणेल, "नारळ फोडायचोय की भाजी चिरायची हा, ता सांग आधी!"

तेरा वजा तेरा किती?

आता ती वजाबाकी. मॅगझिनमध्ये तेरा काडतुसं. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. पिस्तुलात किती उरली?

"शून्य!" असं तुम्ही ओरडला असाल. नाही! स्लाइड एकदा मागे ओढून सोडलेली असेल, तर एक काडतूस आधीच खणात जाऊन बसलेलं असतं. मॅगझिन काढलं तरी ते तिथेच राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पिस्तूल रिकामं आहे. म्हणूनच "मला वाटलं रिकामं आहे" हे वाक्य अपघातानंतर वारंवार ऐकू येतं.

मग सिलिंडर उघडून सगळी घरं एका नजरेत दाखवणारं रिव्हॉल्व्हर सुरक्षित का? तेही नाही. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरात घोडा काडतुसाच्या बुडालाच टेकलेला असे. ते हातातून पडलं आणि घोड्यावर आपटलं तर बार होई. म्हणून जुने लोक सहा घरांत पाचच काडतुसं भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. आणि अगदी अलीकडची गोष्ट घ्या. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला गोळी लागली. ती त्यांच्या स्वतःच्या, परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरची! रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्यांना इस्पितळात दाखल करावं लागलं. ते बरे झाले. पण विचार करा, वापरणारा मोठा माणूस, घर स्वतःचं, समोर शत्रू नाही, तरीही गोळी सुटलीच.

म्हणून नेमबाजीच्या मैदानावर मुलांना नेम शिकवण्याआधी नियम शिकवतात. हत्यार भरलेलंच आहे असं समजा, कुणी "रिकामं आहे" म्हणालं तरीसुद्धा. नळीचं तोंड कधीही माणसाकडे नको. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. हे नियम रिव्हॉल्व्हरला वेगळे आणि पिस्तुलाला वेगळे नाहीत. राहीलाही तेच लागू आणि पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही तेच.

कायदाही कडक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही असं हत्यार बाळगता येत नाही. परवाना लागतो तो वेगळाच. ९ मिलिमीटरचं पिस्तूल तर सर्वसामान्य नागरिकाला मिळतच नाही. तुम्हाला नेमबाजी शिकायचीच असेल, तर १० मीटरच्या एअर पिस्तुलापासून सुरुवात होते. त्यात दारू नसते, दाबलेल्या हवेच्या जोरावर छर्रा सुटतो. आणि तेही मैदानावर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली.

खुंटीवरची बंदूक

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठे आलंय पिस्तूल? खरं आहे. पण आपल्या कोकणात वानर आणि रानडुकरं बागायतीची आणि भाताची नासाडी करतात. त्यासाठी पुष्कळ घरांत शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक असते. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला आजोबा निघतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. तिला फिरतं चाक नाही आणि सरकती स्लाइडही नाही. पण ती भरलेली की रिकामी, हे लांबून सांगता येत नाही, हे मात्र तिलाही लागू!

सुट्टीत चुलत-मावस भावंडं जमतात. कुणीतरी शूर वीर म्हणतो, "चल, तुका गंमत दाखवतंय!" अशा वेळी काय करायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा. हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणी लावला, तर त्याच्याशी झटापट करायची नाही. त्या खोलीतून बाहेर पडायचं, धाकट्यांना सोबत घ्यायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. 'चुगलखोर' म्हणून कुणी चिडवलं, तर खुशाल चिडवू दे.

आणि आजोबांनाही एक प्रश्न नम्रपणे विचारा: "आजोबा, बंदूक कुलपात असता मां? आनी काडतुसां वेगळी ठेवतास मां?" उत्तर 'हो' आलं, तर छानच. नाही आलं, तर हा अंक त्यांच्या हाती द्या.